महासंगणक आपला, त्यातले काय काय आपले?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने सुबक तक्ता केला होता : 'अमेरिकेने नाकारला, भारताने घडवला – संपूर्ण स्वदेशी परम महासंगणक!' आम्ही सहज विचारले, "बाळ, यातला प्रोसेसर कुठला गं?" ती गोंधळून आपल्या सरांकडे पाहू लागली. दोष तिचा नव्हे. ही गोष्ट वर्गात अशीच सांगितली जाते. आम्हीही ती अनेक वर्षे अशीच सांगत आलो. म्हणून तक्त्यावरची दोन्ही विधाने तपासून पाहू.

'अमेरिकेने नाकारला' हे विधान अर्धेच खरे आहे. १९८०च्या दशकात भारताने हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा महासंगणक मागितला होता. अधिक ताकदीचा मिळाला नाही. त्याच मालिकेतला लहान, क्रे एक्स-एमपी १४, अटींसह मिळाला आणि दिल्लीत बसवला गेला. यंत्र दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते, हे मात्र कळून चुकले. १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

'संपूर्ण स्वदेशी' हे दुसरे विधान तर टिकतच नाही. परम ८००० मधले प्रोसेसर होते इनमॉस या मूळ ब्रिटिश कंपनीचे 'ट्रान्सप्युटर'. मग सी-डॅकने काय केले? फक्त जोडणी?

हे समजण्यासाठी आपला जिल्हाच घेऊ. परभणीचे क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. त्यावर १२ किलोमीटर बाजूचे चौकोन आखले तर साधारण ४५ चौकोन होतील. ६ किलोमीटरचे आखले तर चौपट. प्रत्येक चौकोनातले तापमान, वारा, बाष्प यांचे गणित वेगळ्या प्रोसेसरकडे दिले, तरी जिंतूरकडची हवा सेलूच्या चौकोनात शिरणारच. म्हणजे प्रोसेसरांना पावलोपावली एकमेकांशी बोलावे लागते. हे बोलणे मंदावले, तर शेकडो प्रोसेसर नुसते वाट पाहत बसतील. काम वाटून देण्याची, त्यांना जोडण्याची आणि बोलते ठेवण्याची ही विद्या सी-डॅकने स्वतः कमावली. तक्त्यात नेमकी तीच नव्हती.

या विद्येचे मोल पुढे कळले. इनमॉसचा पुढचा प्रोसेसर रखडला आणि ट्रान्सप्युटरचे घराणेच मागे पडले. 'परम' मात्र थांबला नाही. १९९८च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे प्रोसेसर आले. पुढे 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे प्रोसेसर होते आणि त्यांना जोडणारे 'परमनेट' जाळे सी-डॅकचे स्वतःचे होते. २००३ मध्ये हा संगणक जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत आला. चिप बदलली तरी यंत्र उभे राहिले, कारण जोडण्याचे ज्ञान घरात होते.

२०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली आणि आणखी एक पायरी चढली गेली. सी-डॅकने 'रुद्र' नावाचा सर्व्हर, म्हणजे महासंगणकाचा मूळ घटक, स्वतः रचला. त्यावर बांधलेल्या तीन 'परम रुद्र' यंत्रांचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्यांतले एक पुण्याच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. त्यातलेही मुख्य प्रोसेसर इंटेलचे आहेत. सी-डॅकने 'ऑम' हा प्रोसेसर रचायला घेतला, पण त्याचा गाभा आर्म या ब्रिटिश कंपनीचा आणि चिप तयार व्हायची ती तैवानमध्ये. 

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात घ्यावी. त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या 'अर्क' महासंगणकाचेही लोकार्पण झाले. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ६ किलोमीटर चौकोनांची भारत अंदाज प्रणाली त्यावर चालते. पेरणीच्या तोंडावर परभणीचा शेतकरी ज्या अंदाजाची वाट पाहतो, तो देणारे हे यंत्र एव्हिडेन या फ्रेंच समूहातल्या कंपनीकडून घेतलेले आहे. नावे मात्र दोघांचीही आपलीच!

यात लाज वाटण्यासारखे काही आहे, असे आम्हांला वाटत नाही. सगळे घरी बनवणारा देश आज जगात नाही. अत्याधुनिक चिप-कारखान्याचा खर्च एकट्यादुकट्या संस्थेला पेलणारा नसतो. आमचा आक्षेप घोषणेला आहे. 'संपूर्ण स्वदेशी' म्हटले की पुढे करायचे काही उरलेच नाही, असे मुलांना वाटते. 'नुसती जोडणी' म्हटले की तीस वर्षांचे कष्ट पुसले जातात. दोन्ही वाक्यांनी विचार थांबतो. प्रश्न असे विचारावेत : कोणता भाग आपण करतो? कोणता बाहेरून येतो? तो उद्या बंद झाला तर दुसरा बसवण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे का?

वर्गात हे करून पाहता येईल. पाठीवरचा जुना, स्वच्छ धुतलेला फवारणी पंप आणा. हात घालण्याआधी तो पुन्हा धुऊन घ्या. मुलांना तो सुटा करू द्या. टाकी, दट्ट्या, वॉशर, नळी, नोझल – प्रत्येक भागासमोर तीन रकाने : कुठे बनला, गावात बनेल का, बिघडला तर काय करू? वॉशर चामड्याचा कापून बसवता येईल. नोझलचे बारीक भोक पाडताना अडेल. का अडले, याचा शोध घेताना अचूक मापनाचा धडा आपोआप सुरू होईल.

त्या मुलीला आम्ही बक्षीस दिले आणि तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगितले : 'अजून आपले नसलेले भाग'.