कान झाकणारी हॅट

किल्ट घातलेल्या माणसाकडे आपण कमरेखाली बघतो. मी तरी बघायचे. चुण्या, चौकडी, उघडे गुडघे, मोज्यात खोचलेला छोटा चाकू. स्कॉटलंडला आल्यानंतरची पहिली दोन वर्षं माझी नजर तिथून वर गेलीच नाही. ती वर गेली एका कानामुळे.

कान माझ्या मित्राच्या वडिलांचा. ते जवळजवळ चाळीस उन्हाळे एका पाइप बँडमध्ये बॅगपाइप वाजवत आले. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेवरची एक न भरणारी खपली डॉक्टरांनी कापून काढली. त्वचेचा कॅन्सर होता, वेळेत सापडला. डॉक्टरांनी टोपीला दोष दिला नाही, कुणीच दिला नाही. पण बँडचे जुने फोटो बघताना मला दुसरं काही दिसेना. प्रत्येक फोटोत ग्लेनगॅरी, म्हणजे होडीसारखी चपटी लोकरी टोपी, उजवीकडे कललेली, मागे दोन काळ्या फिती लोंबणाऱ्या. आणि प्रत्येक फोटोत दोन्ही कान उन्हात.

मित्र रविवारी एडिंबराच्या दक्षिणेला पेंटलंड टेकड्यांवर चालायला जातो, आणि बऱ्याचदा किल्ट घालूनच. लग्नातला आठ वारी भारी किल्ट नाही, हलक्या कापडाचा, पाच वारी. वर टी-शर्ट, पायात डोंगरी बूट. तो म्हणाला, "मला उन्हाची हॅट घ्यायचीय, पण किल्टवर शोभेल अशी. तू येशील का बरोबर?" मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. तीन शनिवार गेले.

स्कॉटलंडमध्ये ऊन कुठलं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण जूनमध्ये एडिंबरात दिवस साडेसतरा तासांचा असतो, आणि १९ जुलै २०२२ला इथल्या चार्टरहॉल गावात ३४.८ अंश तापमान नोंदवलं गेलं. त्यात इथल्या माणसांची कातडी अशी, की आपण ज्याला कोवळं ऊन म्हणतो त्यात ती लाल होते.

मराठीत आपण एक फरक सहज करतो: कड नसेल तर टोपी, कड आली की हॅट. (आज्ञापत्रात युरोपियनांना 'टोपीकर' म्हटलंय, तेव्हा 'हॅट' हा शब्द आपल्याकडे यायचा होता.) या फरकाने पाहिलं तर किल्टच्या परंपरेत डोक्यासाठी सगळं आहे, फक्त हॅट नाही. ग्लेनगॅरी टोपी. बॅल्मोरल टोपी. टॅम ओ'शँटर हीसुद्धा टोपीच, जरा पसरट, वर गोंडा असलेली. या सगळ्यांची आजी म्हणजे जुनी निळी बॉनेट, विणून मग पाण्यात कुटून घट्ट केलेल्या लोकरीची. किल्मार्नॉक गाव तिच्यासाठी प्रसिद्ध होतं. ती पावसाच्या देशातली वस्तू आहे. भुरभुर झेलते, वाऱ्याने उडत नाही, खिशात कोंबता येते. उन्हाचा विचार तिने केलेला नाही, कारण तशी गरजच नव्हती.

शिवाय या टोप्यांकडे दुसरं एक काम आहे. डाव्या बाजूला बिल्ला लावतात. पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळात कुळाच्या प्रमुखाचं चिन्ह असलं, तर टोपी घालणारा त्या कुळातला साधा सदस्य. प्रमुखाला बिल्ल्यामागे गरुडाची तीन पिसं लावायचा मान, त्याखालच्याला दोन, स्वतःचं मानचिन्ह मंजूर करून घेतलेल्याला एक. म्हणजे ही टोपी डोकं झाकण्यापेक्षा डोकं कुणाचं ते सांगते. ओळखपत्राला कड कशाला हवी?

म्हणून हॅट घेणं मित्राला जड जात होतं. पहिल्या दुकानात तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "टोपी घातली तर मी बिस्किटाच्या डब्यावरचा माणूस वाटतो. हॅट घातली तर किल्ट भाड्याने आणलेला टुरिस्ट." मला हसू आलं, पण मुद्दा खरा होता. किल्ट घालणाऱ्याला सतत एक भीती असते, आपला कपडा कुठल्या क्षणी वेशभूषा होईल याची. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा आणि गॉगल घालून बुलेटवर निघालेल्या मैत्रिणींना ही भीती विचारून बघा, लगेच कळेल.

या भीतीला इतिहास आहे. १७४६मध्ये हायलंड पोशाखावर कायद्याने बंदी आली, १७८२मध्ये ती उठली. मग १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, वॉल्टर स्कॉटने त्याच्यासाठी सगळा सोहळा बसवला, आणि राजा किल्टखाली गुलाबी तंग पायमोजे घालून मिरवला. १९८३मध्ये 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या पुस्तकात ह्यू ट्रेव्हर-रोपरने लिहिलं, की आजचा किल्ट आणि कुळागणिक ठरलेल्या चौकड्या ही बरीचशी अलीकडची रचना आहे. तेव्हापासून पार्टीत कुणी किल्ट घालून आला की 'हे सगळं खोटंच आहे ना?' असं विचारणारा एक तरी भेटतो. मला त्या निबंधाची मजा येते, पण त्याचा असा वापर मला आळशी वाटतो. कपडा कुठून आला हे कळल्याने तो आज कसा घातला जातोय ते कळत नाही. लग्नात दोन तास मिरवलेला किल्ट आणि दर रविवारी घामाने भिजून दोरीवर वाळणारा किल्ट यांत कोणता 'खरा', याचं उत्तर १८२२मध्ये सापडणार नाही.

किल्टवर उन्हाची हॅट हा प्रकार मात्र नवा नाही, आणि आमच्या खरेदीतला अवघडलेला भाग तोच होता. १८८२चा एक प्रसिद्ध फोटो आहे, गिझाचा. स्फिंक्सच्या भोवती आणि अंगाखांद्यावर हायलंड रेजिमेंटचे सैनिक बसलेत, कमरेला किल्ट आणि डोक्यावर हेल्मेटसारखी सोला हॅट. चित्र म्हणून बघा: खालचा अर्धा माणूस थंड देशाचा, वरचा अर्धा साम्राज्याचा. सोला हॅटचा 'सोलर'शी संबंध नाही. शोला नावाच्या आपल्याकडच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गरापासून ती बनायची. म्हणजे किल्टला पहिली कड मिळाली ती दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या झाडातून. हायलंड रेजिमेंट आपल्याकडेही येऊन गेल्यात. २३ सप्टेंबर १८०३ला असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने ७४वी आणि ७८वी हायलंड रेजिमेंट लढल्या.

आणि ती सोला हॅट पुरीही पडली नाही. ११ डिसेंबर १८९९ला दक्षिण आफ्रिकेत मागर्सफाँटेनला बोअर लोकांच्या गोळीबारात हायलंड ब्रिगेडचे सैनिक दिवसभर जमिनीवर पालथे पडून राहिले. डोक्यावर हेल्मेट होतं. गुडघ्यांच्या मागची उघडी कातडी उन्हाने फोडांनी भरली. उन्हाला अमुक एकच जागा झाकून चालत नाही, हे किल्टच्या बाबतीत लढाईत कळलं.

मित्राने हौसेने एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सोला हॅट घालून बघितली. मी म्हणाले, ही नको. तो म्हणाला, "एवढं काय, मजा म्हणून." मी असईचं सांगितलं. त्याने हॅट गुपचूप ठेवून दिली. विषय वाढला नाही, बरं झालं.

मग उरल्या आजच्या हॅट. बेसबॉल कॅपचा निकाल मी दोन मिनिटांत लावला. हायलंड गेम्समध्ये ओंडके फेकणारे पैलवान किल्टवर सर्रास कॅप घालतात आणि ती वाईट दिसत नाही, पण कान उघडेच राहतात, आणि आपण कानासाठी आलोय. काउबॉय हॅट अमेरिकेतल्या किल्टवाल्यांना आवडते. मला ती एका अंगावर दोन पोशाखांचं भांडण वाटते. पनामा हॅट (ती मुळात इक्वाडोरची, पनामाची नव्हेच) मला मनापासून आवडली. बारीक विणीची, हलकी, वारा खेळणारी. बागेतल्या जेवणाला, क्रिकेट बघायला किल्टवर हिच्याइतकी देखणी दुसरी नाही. पण पेंटलंडचा वारा तिला पहिल्या वळणावर घेऊन गेला असता, आणि तिची घडी घालून सॅकमध्ये कोंबली तर वीण तुटते.

माझा कल हळूहळू साध्या सुती, मऊ हॅटकडे झुकला. कारणं सांगते. त्वचेच्या कॅन्सरविरुद्ध काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या संस्था मोठ्यांना निदान साडेसात सेंटिमीटर रुंद कड घ्यायला सांगतात, बकेट हॅट असेल तर सहा. कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असलं तर अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो. इथपर्यंत सोपं. पण किल्टवाल्याच्या पाठीवर सॅक असते. कड मागून ताठ असली की ती सॅकच्या वरच्या टोकाला थडकते आणि हॅट दर पावलाला कपाळावर घसरते. मऊ कड वळते, तक्रार करत नाही. हनुवटीखाली दोरी हवीच. आत घाम टिपणारी सुती पट्टी हवी. आणि मिज! चिलटाएवढ्या चावऱ्या माश्या, इथल्या उन्हाळ्याचा खरा शाप. त्यांच्यासाठी तोंडावरून जाळी ओढतात. ग्लेनगॅरीवरून जाळी घेतली तर ती नाकाला चिकटते आणि मिज जाळीतूनच चावतात. कडेवरून सोडली तर चेहऱ्यापासून चार बोटं लांब राहते. तीनशे वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही, पण बिल्ल्यापुढे मिजचं कोण ऐकतो?

रंगावरून थोडा वाद झाला. दुकानदार चौकडीची पट्टी लावलेली हॅट दाखवत होता, किल्टशी 'मॅचिंग'. माझ्या मते किल्टइतका बोलका कपडा अंगावर असला की वर कुणीतरी गप्प राहायला हवं. चौकडीत जो धागा सगळ्यात कमी दिसतो त्याचा रंग हॅटला घ्यावा. मित्राच्या चौकडीत एक मातकट हिरवी रेघ आहे, जवळ गेल्याशिवाय न दिसणारी. त्याच रंगाची हॅट मिळाली. आरशात तो पहिल्यांदाच काहीच 'दिसला' नाही, म्हणजे चालायला निघालेला माणूस दिसला.

घरी वडिलांनी ती घालून बघितली. कड डाव्या कानावर ओढली, खिडकीपाशी गेले, परत आले. म्हणाले, "बँडमध्ये ही चालणार नाही." मग जरा थांबून, "पण मी आता बँडमध्ये नाही."

पुढच्या रविवारी मित्र हॅट घालून आला तेव्हा डाव्या बाजूला कुळाचा बिल्ला लावलेला. वडिलांच्या ग्लेनगॅरीवरचा. जड पितळी बिल्ला, त्याच्या वजनाने मऊ कड त्या बाजूला खाली लोंबत होती. मी म्हणाले, हे चुकीचं आहे, सुती हॅटला पिनेने भोक पडतं, आणि गप्प राहणाऱ्या गोष्टीला तू बोलायला लावलंस. तो म्हणाला, "बघ, कान अजून जास्त झाकला गेलाय." आम्ही टेकडीच्या माथ्यापर्यंत त्यावर भांडलो. मला अजूनही वाटतं बिल्ला काढायला हवा.