कर्करोगाचा तक्ता वाचताना

पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, टाटा मेमोरियलचे ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्र आहे. तेथील रुग्ण मोजून कोणी पनवेलमधील कर्करोगाचे प्रमाण काढले, तर ते भलतेच मोठे येईल. रुग्ण देशभरातले आणि भागायचे मात्र पनवेलच्या लोकसंख्येने! म्हणूनच लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदणीत रुग्ण राहतो त्या गावी मोजतात, उपचार घेतो तिथे नव्हे. मुंबईत अशी नोंदणी 1963 पासून आहे.

अशा नोंदण्यांवर उभा असलेला ‘ग्लोबोकॅन 2022’चा भारताविषयीचा तक्ता आम्ही पाहत होतो. नवे रुग्ण : स्त्रिया सुमारे 7.22 लाख, पुरुष 6.91 लाख. मृत्यू : स्त्रिया 4.47 लाख, पुरुष 4.70 लाख. रोग स्त्रियांत अधिक, मृत्यू पुरुषांत अधिक, हे कसे? उत्तर बरेचसे अवयवांत आहे. स्त्रियांत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे; लवकर सापडल्यास दोन्ही बरे होऊ शकतात. पुरुषांत तोंडाचा आणि फुप्फुसाचा, म्हणजे मुख्यतः तंबाखूची करणी. त्यातला फुप्फुसाचा बहुधा उशिराच कळतो. (मृत्यूंना नव्या रुग्णांनी भागून ‘शंभरात इतके दगावतात’ असे मात्र वर्गात सांगू नये. त्या वर्षी दगावलेल्यांत आधीच्या वर्षांचे रुग्णही असतात.)

इथवर तक्ता चांगला. आमची तक्रार अशी, की छापलेला आकडा मोजलेला वाटतो. प्रत्यक्षात नोंदणी देशाच्या लहानशा भागात होते. बाकीचा अंदाज, मृत्यूंचासुद्धा. बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत (1987 पासून) प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी दिसते आणि ‘खेड्यात कर्करोग कमी’ असे आपण म्हणून टाकतो. राजेश दीक्षित व सहकाऱ्यांनी 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला अभ्यास दुसऱ्या टोकाने सुरू होतो. 2001 ते 2003 मध्ये झालेल्या मृत्यूंची घरोघरी चौकशी करून, आधीची लक्षणे विचारून कारण ठरवले गेले. 30 ते 69 वयोगटात कर्करोगाचा मृत्युदर खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखाच निघाला! मग नोंदीत कमी दिसणारे खेड्यातले रुग्ण गेले कुठे? निदानाअभावी कित्येक जण नोंदीबाहेर राहत असावेत, किंवा नोंद होते तोवर फार उशीर होत असावा, असे आम्हाला वाटते.

या पद्धतीतही कच्चे दुवे आहेत. तोंडाची जखम घरच्यांना दिसते. पण पोटातली गाठ जठराची होती की यकृताची, हे त्यांनी कसे सांगावे?