उत्प्रेरक : द्रव्य की कारक?

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत उत्प्रेरकाची व्याख्या जवळजवळ एकाच साच्याची आढळते. जो पदार्थ विक्रियेचा वेग बदलतो, परंतु स्वतः तीत भाग घेत नाही आणि अखेरीस वजनाने व गुणधर्मांनी जसाच्या तसा परत मिळतो, तो उत्प्रेरक होय. उदाहरणही ठरलेले असते : पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळविताना त्यात मिसळलेली मँगॅनीज डायऑक्साइडची काळी पूड. विक्रिया संपल्यावर अवशेष पाण्यात कालवून गाळला, की पूड गाळणकागदावर राहते व तिचे वजन पूर्वीइतकेच भरते. या उदाहरणापुरती व्याख्या निभावते. परंतु पॉलिएथिलीनचा मोठा भाग आणि जवळजवळ सर्व पॉलिप्रॉपिलीन ज्या घन उत्प्रेरकांच्या योगाने तयार होते, त्यांना ती लावून पाहिली असता तिचे एकही कलम टिकत नाही. हा दोष केवळ रसायनाचा नाही. एका संज्ञेकडे द्रव्याचे नाव म्हणून पाहण्याच्या सवयीचाही आहे.

संज्ञेचा इतिहास येथे उपयोगी पडतो. बर्झीलियसने १८३५ मध्ये ग्रीक भाषेतून जो शब्द घेतला त्याचा धात्वर्थ ‘सैल करणे, सोडविणे’ असा आहे. काही पदार्थ केवळ आपल्या सान्निध्याने इतर पदार्थांतील सुप्त आसक्ती जागी करतात, अशी त्याची कल्पना होती. पुढे ओस्टवाल्टने ती गूढ शक्ती बाजूला सारून वेग हीच कसोटी ठरविली आणि अंतिम उत्पादात न दिसण्याची अट घातली. पाठ्यपुस्तकांनी एकाचे ‘सान्निध्य’ आणि दुसऱ्याचा ‘वेग’ एकत्र शिवले. ‘भाग न घेणे’ हे त्या शिवणीतून आलेले ठिगळ आहे. मराठीतील ‘उत्प्रेरक’ शब्द ‘ईर्’ म्हणजे हलविणे, चालना देणे या धातूवरून सिद्ध झाला आहे. जपानी भाषेतील संज्ञेत स्पर्श आणि सोयरीक जुळविणारा मध्यस्थ अशी दोन चिन्हे आहेत. ग्रीक, मराठी वा जपानी, प्रत्येक शब्दात उत्प्रेरक बाहेर उभा राहून काम करविणारा असा दिसतो. लग्न लागले की मध्यस्थ घरी जातो, हे त्यात गृहीत आहे.

कार्ल झीग्लरच्या उत्प्रेरकात मध्यस्थ घरी जात नाही. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएथिलीन प्रथम हाती आले ते हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली. झीग्लरने १९५३ मध्ये म्यूलहाइम येथे टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि ट्रायएथिल ॲल्युमिनियम एकत्र केले, तेव्हा साध्या दाबालाच एथिलीनचे बहुवारिक होऊ लागले. हे दोन्ही द्रव आहेत. परंतु त्यांच्या मिश्रणातून जो काळपट तपकिरी साका खाली बसतो, खरे कार्य त्या घनाच्या पृष्ठावर चालते. या घनाच्या स्फटिकरचनेचे महत्त्व मिलानच्या ज्यूलियो नात्ता याने ओळखले. त्याने १९५४ मध्ये प्रॉपिलीनपासून स्फटिकी बहुवारिक मिळविले. टायटॅनियम ट्रायक्लोराइडच्या तपकिरी रूपापेक्षा जांभळी, थरांची रूपे अधिक सुव्यवस्थित साखळ्या देतात, ही गोष्ट याच संशोधनातून पुढे आली. या सुव्यवस्थेला आयसोटॅक्टिक, सिंडिओटॅक्टिक ही नावे सुचविली ती नात्ताची पत्नी रोझिता बेआती हिने, आणि ती साहित्याची पदवीधर होती. ही नावे द्रव्याची नसून मांडणीची आहेत. त्यामुळेच ती आजवर दुरुस्तीवाचून टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

विक्रियेची रीत कोसी याने १९६४ मध्ये मांडली व तिचा गाभा आजही मान्य आहे. स्फटिकाच्या कडेवरील टायटॅनियम अणूला एक कार्बनी गट जोडलेला असतो व शेजारी एक जागा रिकामी असते. एथिलीनचा रेणू त्या जागी येतो आणि धातू व गट यांच्यामध्ये शिरतो. म्हणजे साखळी शेंड्याकडून वाढत नाही; केस जसा मुळाकडून वाढतो तशी ती धातूकडून ढकलली जाते. उत्प्रेरकाने भाग घेतला नाही असे म्हणणे येथे शक्यच नाही, कारण प्रत्येक वाढत्या साखळीचे एक टोक त्याच्याशी रासायनिक बंधाने बांधलेले असते. शिवाय पहिल्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला जो एथिल गट राहतो, तो मूळचा ॲल्युमिनियम संयुगातील होय. तो उत्पादाचाच अवयव बनतो.

कणाची कथा याहून बोलकी आहे. उत्प्रेरकाचा कण सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्रांत बहुवारिक साठत जाते, आतला ताण वाढतो आणि कण फुटतो. मात्र त्याचे तुकडे विखुरत नाहीत. भोवती वाढणारे बहुवारिकच त्यांना धरून ठेवते. अखेरचा दाणा मूळ कणाचा आकार राखून मोठा होतो. पन्नास मायक्रॉनचा कण एक मिलिमीटरचा दाणा झाला, तर व्यास वीसपट व घनफळ आठ हजारपट झाले. आरंभी वाढ फार वेगाने झाली, तर दाण्याऐवजी भुकटी हाती येते; म्हणून पुष्कळ कारखान्यांत प्रथम सौम्य परिस्थितीत थोडेसे बहुवारिक करून घेतात. कण फुटणे हा येथे अपघात नव्हे, कार्याची अट आहे. ‘जसाच्या तसा परत मिळतो’ हे वाक्य या दाण्यासमोर वाचून पाहावे. उत्प्रेरक परत मिळतच नाही; तो दाण्यात विखरून राहतो आणि बादलीतून, पिशवीतून ग्राहकाच्या घरी जातो. जुन्या पद्धतीत हे अवशेष धुऊन काढावे लागत, कारण त्यांतील क्लोरीनने यंत्रे गंजत व मालाचा रंग बिघडे. मॅग्नेशियम क्लोराइडवर बसविलेले टायटॅनियम वापरात आल्यावर उत्पादन इतके वाढले की अवशेषांचे प्रमाण नगण्य झाले आणि धुण्याचा टप्पा गळाला. पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा टप्पा मुळात का होता, हेच समजणार नाही.

उपसंज्ञांची स्थिती तशीच आहे. मॅग्नेशियम क्लोराइडला ‘आधार’ म्हणतात, जणू ते नुसते फडताळ आहे. वस्तुतः मॅग्नेशियम व टायटॅनियम यांच्या आयनांचे आकार जवळपास सारखे असल्याने टायटॅनियम त्याच्या स्फटिकरचनेत सामावते, आणि त्याची सक्रियता अनेक पटींनी वाढते. ॲल्युमिनियम संयुगाला ‘सहउत्प्रेरक’ म्हणतात. परंतु ते गट देते, टायटॅनियमचे क्षपण करते आणि खर्च होते. जे खर्च होते त्याला कोणत्याही व्याख्येने उत्प्रेरक म्हणता येत नाही.

संस्कृत व्याकरणाने हा पेच फार पूर्वी सोडविला आहे. कारक हा पदार्थाचा गुण नसून क्रियेशी असलेला संबंध होय. तेच भांडे वक्त्याच्या विवक्षेनुसार शिजण्याच्या क्रियेचे अधिकरण, करण किंवा कर्ताही होऊ शकते. ‘उत्प्रेरक’ ही संज्ञा अशीच कारकवाचक मानली, तर वरील अडचणी उरत नाहीत. टायटॅनियम कोणत्या क्रियेत, कोणत्या टप्प्यावर काय करते, एवढेच विचारावयाचे. शुद्ध व उपयोजित रसायनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची परिभाषाही याच दिशेची आहे : तीत उत्प्रेरक हा विक्रियेचा घटक व उत्पाद असे दोन्ही मानला आहे.

यावर असा आक्षेप येईल की चक्र पूर्ण झाल्यावर सक्रिय स्थान पूर्ववत होतेच, म्हणून जुनी व्याख्या त्या स्थानापुरती खरी ठरते. आक्षेपात तथ्य आहे, परंतु अर्धेच. प्रत्येक रेणू शिरल्यावर धातूवरील साखळी एका एककाने लांब झालेली असते. परत येतो तो बंधाचा प्रकार, वस्तू नव्हे. हायड्रोजन सोडून साखळी तोडली, तेव्हा कोठे स्थान मोकळे होते, आणि तेव्हाही त्यावर पूर्वीच्या एथिल गटाऐवजी हायड्रोजन असतो.

फिलिप्स कंपनीच्या होगन व बँक्स यांनी १९५१ मध्ये शोधलेल्या क्रोमियम ऑक्साइडच्या उत्प्रेरकाचा विचार केल्यास प्रश्न अधिक अवघड होतो. सिलिकावर बसवून कोरड्या हवेत तापविलेल्या या उत्प्रेरकाला ॲल्युमिनियम संयुगाची गरजच लागत नाही. मग क्रोमियमवरील पहिला कार्बनी गट येतो कोठून, आणि कार्य करणाऱ्या क्रोमियमची संयुजा कोणती, यांवर सत्तर वर्षांनंतरही संशोधकांत एकमत नाही. गट देण्याचे काम बहुधा एथिलीनच करते. तसे असेल, तर ज्याचे बहुवारिक व्हावयाचे तोच पदार्थ आपल्या उत्प्रेरकाला सिद्धही करतो, आणि कर्म व साधन यांची नावे तेथे एकाच रेणूला द्यावी लागतात.