सॉन्डर्समधला इंजिनिअर

‘नोकरी सोड आणि लिही’ हा सल्ला लिहिण्याचं वेड असलेल्या इंजिनिअरला कधी ना कधी मिळतोच. त्यासाठी जॉर्ज सॉन्डर्सचं उदाहरण अगदी सोयीचं आहे. १९८१ साली कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधून भूभौतिकी अभियांत्रिकीची पदवी, सुमात्रात तेलशोधाचं काम, पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात कथालेखनाचे प्राध्यापक आणि २०१७ साली ‘लिंकन इन द बार्डो’ला बुकर.

या गोष्टीतली मधली वर्षं मात्र गाळली जातात. सिरॅक्यूजमधून लेखनाची पदवी १९८८ साली मिळाली आणि १९८९ पासून हा माणूस पुन्हा नोकरीत! १९९६ पर्यंत रॉचेस्टरमधल्या एका कंपनीत तो टेक्निकल रायटर होता. घरी बायको आणि दोन लहान मुली. पहिला कथासंग्रह ऑफिसातून चोरलेल्या वेळात लिहिला गेला. प्राध्यापकी आली ती पुस्तकानंतर, १९९७ मध्ये.

माझ्या मते त्याची भाषा या सात वर्षांत घडली. ‘पॅस्टोरेलिया’ ही दीर्घकथा बघा. एका थीम पार्कमध्ये आदिमानव बनून गुहेत बसणं ही नायकाची नोकरी. रोज रात्री त्याला सहकारी जॅनेटच्या कामाचा मूल्यमापन फॉर्म भरायचा असतो. जॅनेट चुका करते, हा ‘सगळं ठीक’ लिहितो. खरं लिहिलं तर तिची नोकरी जाईल, खोटं लिहिलं तर स्वतःची. वरिष्ठांचे फॅक्स मात्र गोड, समजूतदार भाषेत येत राहतात. अप्रेझलचा मेल वाचताना पोटात गोळा आलेल्या कुणालाही ही भाषा ओळखू येईल. माणसाला चिरडणारं वाक्य किती सभ्य असू शकतं, हे रिपोर्ट लिहिणाऱ्यालाच कळणार.

शिक्षक सॉन्डर्सही इंजिनिअरच आहे. २०२१ च्या ‘अ स्विम इन अ पाँड इन द रेन’मध्ये तो चार रशियन लेखकांच्या सात कथा उलगडून दाखवतो. चेखॉव्हची ‘इन द कार्ट’ तर तो थोडी थोडी वाचायला देतो आणि मध्ये थांबून विचारतो, आता तुम्हाला काय वाटतंय? स्वतःचं लेखन तपासताना तो डोक्यात एक मीटर असल्याची कल्पना करतो. काटा नकाराकडे झुकला की वाक्य बदलायचं.

नवख्याला ही पद्धत फार उपयोगी आहे. प्रतिभेची वाट बघत बसावं लागत नाही, आजचं वाक्य आज दुरुस्त करता येतं. पण तिची किंमतही आहे. काटा सतत होकाराकडे ठेवायचा म्हटलं की कथा वाचकाला दुखावून सोडायला कचरते. ‘टेन्थ ऑफ डिसेंबर’ या शीर्षककथेत मरायला निघालेला माणूस आणि बर्फाळ तळ्यात पडलेला मुलगा एकमेकांना वाचवतात. मी भारावलो, पण दिलासा अगदी वेळेवर आला असंही वाटलं.

‘इन द कार्ट’मधली मारिया शाळामास्तरीण आहे, तीही गरजेपोटी झालेली. रेल्वे फाटकाशी तिला क्षणभर आनंद होतो, मग फाटक उघडतं आणि गाडी पुढे निघते. तिचं आयुष्य काही बदलत नाही. सॉन्डर्स ही कथा अप्रतिम शिकवतो. तिच्याइतकं कठोर राहणं मात्र त्याच्या कथांना नेहमी जमत नाही.

म्हणून राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये असेल, तर तो पाठवण्याआधी ‘पॅस्टोरेलिया’ वाचा. तुमच्या ऑफिसातही एखादी कथा अडकलेली असेल.