ग्रंथींचे कोष्टक आणि गलगंडाचे कोडे

अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ शालेय पुस्तकांत बहुधा एका कोष्टकात मावतो. पहिल्या रकान्यात ग्रंथी, दुसऱ्यात संप्रेरक, तिसऱ्यात कार्य आणि शेवटी कमतरतेमुळे वा अतिरेकामुळे होणारे विकार. विद्यार्थ्यांना ते चटकन पाठ होते, परीक्षकांना तपासायला सोपे जाते. ही सोय आम्ही नाकारत नाही. पण तिच्यापायी विषयाचा गाभाच गळून पडतो, अशी आमची तक्रार आहे.

गलगंडाचेच पाहू. कोष्टक सांगते : आयोडीन कमी पडले की थायरॉक्सिन कमी तयार होते व गलगंड होतो. आता एखाद्या चौकस विद्यार्थिनीने विचारले, "कच्चा माल कमी पडला तर ग्रंथी रोडावायला हवी, ती फुगते कशी?" तर कोष्टकापाशी उत्तर नाही. उत्तर गळ्यात नसून मेंदूच्या तळाशी आहे. रक्तातले थायरॉक्सिन घटले की पीयूषिका ग्रंथी अवटू ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, अधिक सोडते. या सततच्या तगाद्याने अवटू ग्रंथीच्या पेशी वाढतात आणि गळा फुगतो. थायरॉक्सिन पुरेसे झाले, तर तेच पीयूषिकेला आवरते. येण्याजाण्याचे हे दोन्ही बाण कोष्टकाच्या चौकटीत बसत नाहीत.

शिवाय ग्रेव्हज् विकारात थायरॉक्सिन जास्त असूनही ग्रंथी फुगते. तेथे शरीराचीच प्रतिपिंडे टीएसएचची नक्कल करतात आणि त्यांना आवरणारे कोणी नसते. म्हणजे फुगलेला गळा पाहून संप्रेरक कमी की जास्त, हे ठरत नाही. गलगंड केवळ 'कमतरते'च्या रकान्यात टाकणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

मधुमेहाचीही तीच गत. 'इन्शुलिनची कमतरता' हे वर्णन पहिल्या प्रकाराला लागू पडते. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला इन्शुलिन पुरेसे, कधी नेहमीपेक्षा जास्तही असते. पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. निरोप धाडणारा असतो तसा तो घेणाराही असतो, आणि या घेणाऱ्याला कोष्टकात रकानाच नाही.

तिसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. विकारांची नावे येतात, उपाय येत नाहीत. 'वाढ खुंटणे' हे पीयूषिकेपुढे पाठ केलेला मुलगा वर्गातल्या ठेंगण्या मित्राला रोगी ठरवून मोकळा होतो. वास्तविक ठेंगण्या मुलांपैकी बहुतेकांच्या ग्रंथी ठणठणीत असतात. याउलट जन्मतःच अवटू ग्रंथी काम करत नसेल, तर बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ते कळू शकते. पहिल्या काही आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले, तर बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका बहुतांशी टळतो. उद्याच्या आईबापांना शाळेतच कळावी अशी ही गोष्ट आहे.

आपल्याच देशातली एक उत्तम कथाही या पाठात हवी. 1956 साली व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले, तिसऱ्यात घटले नाही. पुढे तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तुलनेसाठी वेगळा गट का ठेवायचा, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मीठ हे येथे केवळ वाहन आहे, हेही सांगायला हवे. नाहीतर मुले 'मीठ जास्त खावे' असा धडा घेतील. प्रौढाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते.

कोष्टक फाडून टाका, असे आमचे म्हणणे नाही. ते उजळणीसाठी पाठाच्या शेवटी असावे. सुरुवात फळ्यावरच्या बाणांनी करावी : अधश्चेतक, पीयूषिका, अवटू, आणि थायरॉक्सिनकडून परत वर जाणारा बाण. मग विचारावे : एका रुग्णाच्या रक्तात थायरॉक्सिन कमी व टीएसएच जास्त आहे, दुसऱ्याच्या रक्तात दोन्ही कमी आहेत. बिघाड कोठे? पहिल्याचा अवटू ग्रंथीत, दुसऱ्याचा तिच्या वर. हे उत्तर कोणत्याही रकान्यात छापलेले नसते, पण बाण समजलेली मुले ते स्वतः काढू शकतात.