सहावे अधिकारी टंडन

1 एप्रिल 1933, कराचीजवळचं ड्रिग रोड. 6 अधिकारी, 19 हवाई सिपाही, 4 वापिटी विमानं. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची ही नोंद वरवर कोरडी वाटते, पण तिची गोडी या आकड्यांतच आहे. सहा अधिकाऱ्यांत वैमानिक पाचच. पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्यांतलेच. सहावे टंडन. ब्रिटनमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात तेही गेले होते, पण उंची कमी पडली आणि त्यांच्याकडे साहित्यपुरवठ्याचं काम आलं. म्हणजे 25 जणांत विमान चालवणारे पाच.

टंडनांची ही हकिगत एरवी अर्ध्या वाक्यात, काहीशा हळहळीच्या सुरात उरकली जाते. मला तो सूर पटत नाही. वापिटी हे ब्रिटिश बनावटीचं, कापड चढवलेलं दुपंखी विमान. एखादा सुटा भाग वेळेवर मिळाला नाही, तर एक विमान जमिनीवर. आणि एक विमान म्हणजे पाव दल! पूर्णा जंक्शनच्या इंजिनशेडजवळ वाढलेल्याला हे समजवावं लागत नाही. गाडी ड्रायव्हर नेतो, पण ती निघते शेडच्या जिवावर.

2021 मध्ये पूर्णेशेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे विवेक राम चौधरी हवाई दलप्रमुख झाले, तेव्हा मराठवाड्याची मान उंचावली. रास्तच होतं ते. चौधरी लढाऊ वैमानिक. पण सेलू-जिंतूरच्या एखाद्या मुलीने लॉजिस्टिक्स किंवा प्रशासन शाखा निवडली, की घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तू विमान नाही उडवणार?" दुंडीगलच्या हवाई दल अकादमीतल्या दीक्षान्त संचलनात वैमानिक आणि जमिनीवरच्या शाखांचे अधिकारी एकाच मैदानातून बाहेर पडतात. छातीवर पंख वैमानिकाच्याच, हे खरं. पण मुख्यालयातला प्रशासनप्रमुखही एअर मार्शल असतो, हे त्या घरात कुणीतरी सांगायला हवं.

हरजिंदर सिंग ड्रिग रोडच्या त्या पहिल्या फळीतले हवाई सिपाही. ते एअर व्हाइस मार्शल झाले, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. तेव्हा कानपूरला असलेलं या कमांडचं मुख्यालय आज नागपूरला आहे. देवळालीचा साहित्य डेपो आणि ओझरचा दुरुस्ती डेपो तिच्याच अखत्यारीत येतात. ओझरने 2018 मध्ये आपलं पहिलं सुखोई-30 पूर्ण उघडून, दुरुस्त करून पुन्हा उडतं केलं. त्यात बसवलेला प्रत्येक नवा भाग आधी कुणीतरी मागवला होता, मोजून घेतला होता, जपून ठेवला होता.