उच्च रक्तदाबात हातापायांचा रक्तप्रवाह खरंच कमी होतो का?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हातापायांचा रक्तप्रवाह कमी होतो, आणि तो आम्ही मोजणार आहोत. गाईडने समासात एकच शब्द लिहिला, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाचलेल्या बऱ्याच पेपरांच्या प्रस्तावनेत तसं लिहिलेलं होतं, एवढंच. तुम्ही आत्ता विषय शोधत असाल, तर हा प्रश्न आधीच सोडवून घ्या. दोन वर्षांचा डेटा गोळा झाल्यावर तो फार महाग पडतो.

आधी एक साधा हिशेब करू. 120/80 दाबाला सरासरी दाब येतो साधारण 93. 160/100 ला येतो 120. समजा दोघांच्या हातातून सारखंच रक्त वाहतंय. मग दुसऱ्याच्या रक्तवाहिन्यांचा रोध सुमारे 29 टक्के जास्त असला पाहिजे. रोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे तेवढ्यासाठी बारीक धमन्या जेमतेम 6 टक्के अरुंद झाल्या तरी पुरे. म्हणजे आजार आहे, वाहिन्या अरुंद आहेत, आणि तरीही प्रवाह तेवढाच. दाब वाढलाय तो त्यासाठीच!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 1936 मध्ये पिकरिंग यांनी, आणि त्याच वर्षी प्रिन्झमेटल आणि विल्सन यांनी रुग्णांच्या हातातला प्रवाह मोजला. विश्रांतीत तो साधारण निरोगी माणसांइतकाच निघाला. पुढे 1950च्या दशकात स्वीडनच्या फोल्को यांनी प्रश्नच बदलला: वाहिन्या पूर्ण सैलावल्या तर काय होतं? तेव्हा फरक दिसला. पूर्ण सैलावल्यावरही रुग्णांमधला रोध जास्तच राहत होता, कारण वाहिनीची भिंतच जाड झालेली होती. फरक शोधायचा तर तो इथे शोधा. विश्रांतीतल्या एका आकड्यात तो सापडेलच असं नाही.

आता मोजणाऱ्या यंत्राकडे येऊ. जुईनगरहून हार्बरच्या गाडीने तिसरं स्टेशन मानखुर्द. तिथून जवळच, ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे जी. डी. जिंदाल आणि सहकाऱ्यांनी इम्पीडन्स प्लेथिस्मोग्राफीवर अनेक वर्षं काम केलं. हातापायातून अगदी सौम्य, जाणवणारही नाही असा उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडायचा. प्रत्येक ठोक्याला आत रक्त भरलं की विद्युतरोध किंचित कमी होतो, तो बदल टिपायचा. सुई नाही, रंगद्रव्य नाही. 1990 मध्ये जिंदाल, पारुळकर आणि इतरांचा एक पेपर 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आला, धमनीतला अडथळा ओळखण्याबद्दल. तो जरूर वाचा, पण वाचताना त्यांचा प्रश्न नीट बघा. अडथळा आहे का, आणि कुठे? म्हणजे एकाच माणसाच्या पायाचा एक भाग दुसऱ्या भागाशी ताडायचा. शिवाय निष्कर्ष पडताळायला अँजिओग्राफी आहे. प्रश्न आणि यंत्र एकमेकांना शोभतात.

गडबड होते ती हेच यंत्र उचलून रक्तदाबाच्या रुग्णांना लावताना. यंत्राला दिसतं ते ठोक्यागणिक होणारं फुगणं. सलग वाहणारं रक्त त्याला दिसत नाही. ताठ झालेली धमनी कमी फुगते, म्हणून लाट बुटकी येते. पेपरात मात्र लिहिलं जातं, "प्रवाह घटला." प्रत्यक्षात घटली असते धमनीची लवचिकता. तीच गोष्ट लाट पोहोचायच्या वेळेची. ताठ नळीतून लाट लवकर धावते, पण लाट लवकर आली म्हणून रक्त लवकर आलं असं होत नाही. लाटेवरून रक्ताचं आकारमान काढायचं नायबोर यांचं सूत्र पाय म्हणजे एकजिनसी नळकांडं आहे असं धरतं. बोटाला लावायच्या प्रकाशाच्या क्लिपलाही यातले बरेच आक्षेप लागू आहेत.

प्रवाहच हवा असेल तर जुनी पद्धत आजही चांगली आहे. दंडावर पट्टा बांधून 40 ते 50 मिमी दाब द्यायचा. शिरा बंद, धमन्या चालू. हात ज्या वेगाने फुगतो तो वेग म्हणजे प्रवाह. वेळ लागतो, सहभागी माणूस कंटाळतो, पण उत्तर तुमच्याच प्रश्नाचं मिळतं.

या विषयावरचा पुढचा पेपर हातात आला की एवढं विचारा. रुग्ण गोळ्या घेत होते का? अॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं. मग तुम्ही आजार मोजला की गोळी? दोन्ही गटांचं वय सारखं होतं का? वयानेही धमन्या ताठतात. खोलीचं तापमान लिहिलंय का? मे महिन्यात स्टेशनवरून चालत घामाघूम आलेल्या माणसाला थेट एसीखाली बसवून बोटातला प्रवाह मोजलात, तर मोजलात फक्त एसी. आधी पंधरावीस मिनिटं शांत बसवलं होतं का? चहा, तंबाखू, मशेरी झाली होती का?

यात पणाला लागतं ते फक्त तुमचं प्रकाशन नाही. "तुमच्या हातापायांना रक्त कमी पोहोचतंय" हे वाक्य रिपोर्टवर छापलं जातं आणि कुणीतरी ते घरी घेऊन जातं. हाताला मुंग्या येणाऱ्या मधुमेही माणसाचं खरं कारण मज्जातंतूंत असू शकतं. ज्याच्या पायाची धमनी खरंच तुंबली आहे, त्याच्यासाठी घोट्याचा दाब दंडाच्या दाबाशी ताडायची साधी तपासणी आहे. हे गुणोत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर पुढचा तपास करायचा. बुटक्या लाटेवरून दोघांनाही एकच वाक्य सांगणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: "वाहिन्या पूर्ण सैलावल्यावर रोध किती उरतो, ते आम्ही पाहणार आहोत." गाईडने परत विचारलं, "कशाने मोजणार?" या वेळी उत्तर होतं. तुमच्या वाक्यापुढेही हे दोन प्रश्न लिहून बघा: कशावरून, आणि कशाने?